पान एकतीस, ओळ दुसरी

७ जून

प्रिय ठमे,

पाकीट न फाडता उघडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकले. वरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. असू दे आठी. वाच तेवढं.

अकरा वर्षांनी पत्र लिहिणाऱ्याने आधी खुशाली विचारायची असते. तर कशी आहेस? मेहुणेबुवा कसे आहेत? भाची आता कॉलेजात असेल, ती कशी आहे? झालं विचारून. आता कामाचं. मला एक शंका आहे आणि ती विचारावी असं तुझ्याखेरीज माझ्या ओळखीत कुणी नाही. कविता संपवायची कशी?

हसू नकोस. मार्चमध्ये मी छापखान्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं प्रूफं तपासली, शेवटच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक मानपत्र मिळालं. मानपत्रात तीन चुका होत्या. तिथेच उभ्या उभ्या दुरुस्त करून मालकांच्या हातात परत दिलं. त्यानंतर दोन महिने मी घरातले डबे वाचले. खरंच सांगते, वाचायला दुसरं काही उरलंच नव्हतं. साबणाच्या वेष्टणावर चार चुका आहेत, कुणाला सांगू?

मग एक दिवस वाचनालयाच्या जिन्यात पाटी दिसली. 'निसर्गकविता लिहायला शिका. दर शनिवारी दुपारी चार वाजता, वरचा मजला.' पाटीत एकही चूक नव्हती, म्हणून वर गेले. शिवाय तिथला पंखा चांगला आहे. दुसरं काही कारण नाही, उगाच डोकं लढवू नकोस.

वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायच्या. आम्ही सहा जण आहोत आणि सहाही जणांच्या डोक्यावर पांढरे केस. पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या. मी सगळ्यांच्या आधी वही मिटली. वाच :

हे निसर्गा, तू किती महान,
तुझेच किती मी गाऊ गान!

बाई म्हणाल्या, "ही कविता खिडक्या लावून घेऊनही लिहिता येते."

"पण मात्रा जुळल्यात," मी म्हटलं.

"मात्रा जुळल्यात हो. निसर्ग कुठाय?"

चौतीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या, माझी कुणी काढली नव्हती. कान तापले. तरी पुढच्या शनिवारी जाणार आहे. पंखा चांगला आहे म्हटलं ना.

तुझी,
ताई


२१ जून

प्रिय ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. खोटं कशाला बोलू, वाटलं होतं. पोस्टमन मला टाळून जिना उतरायला लागलाय.

बाईंनी माझं लाल पेन जप्त केलं. झालं असं की आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत. भला माणूस, पण त्यांना जगात दातांशिवाय काही दिसत नाही. त्यांनी लिहिलं, 'गवतावर दवबिंदू, जणू हिरडीतून येणारे दुधाचे दात.' वही माझ्याकडे आली आणि माझा हात आपोआप चालला. दात गेले, हिरडी गेली, दव राहिलं. डॉक्टर इतके हिरमुसले की मलाच कसंतरी झालं. बाईंनी हात पुढे केला, "द्या ते पेन इकडे. दुसऱ्याने पाहिलेलं तुम्ही खोडता कसं?" मी म्हटलं, सवय. त्या म्हणाल्या, "सवय नाही ती, घाई आहे." पेन त्यांच्या पर्समध्ये गेलं. सध्या मी पेन्सिलने लिहिते, पहिलीतल्या पोरीसारखी.

गृहपाठ असा आहे. घराजवळची एक वीत जागा निवडायची. रोज पंधरा मिनिटं तिच्याकडे बघायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. 'जणू' चालणार नाही, 'मन' चालणार नाही, 'सुंदर' लिहिलं तर वर्गाबाहेर. मी गॅलरीतला कोपरा घेतला. कठडा, पाण्याचा पाइप आणि त्यांच्यामध्ये भिंतीला गेलेली भेग. पहिले नऊ दिवस माझ्या वहीत एकच नोंद आहे, 'काही नाही.' नऊदा लिहिलंय, सुवाच्य अक्षरात.

बाबांची आठवण येते त्या भिंतीसमोर बसलं की. म्हणायचे, भिंतीकडे तासभर बघ, ती बोलायला लागते. रंगारी माणूस, सगळा जन्म भिंतीकडे तोंड करून काढला, त्यांच्याशी भिंत बोलणारच. पण काय काय ठोकून द्यायचे, आठवतं? एका बंगल्याचं छत इतकं निळं रंगवलं म्हणे की पाखरं आत शिरून परत जाईनात. आई म्हणायची, "ह्यांच्या डब्यात रंग कमी आणि थापा जास्त." आपण हसायचो. तू मात्र खोदून खोदून विचारायचीस, "मग त्या पाखरांना बाहेर कसं काढलं, बाबा?"

काल कपाटातून तुझं पुस्तक काढलं. तीस पानं वाचली. पुढे डोळे दुखायला लागले म्हणून मिटून ठेवलं.

तुझी,
ताई


५ जुलै

प्रिय ठमे,

मेहुणेबुवांचं कार्ड आलं. तीन वाक्यं आहेत. 'पत्रं मिळतात. ती वाचते. कपाटात ठेवते.' एवढा मोजका लिहिणारा माणूस आमच्या छापखान्यात लेखक म्हणून आला असता तर मी त्याची पूजा केली असती. कार्ड मी पाच वेळा वाचलं. वाचतेस ना? मग पुरे. राग कर, पण वाच.

माझ्या भिंतीवर आता बरंच काही घडतं. दहाव्या दिवशी भेगेतून मुंग्या निघाल्या. रोजच निघत असणार, मला दिसत नव्हत्या इतकंच. मी लिहिलं :

वर जाणारी मुंगी थांबते,
खाली येणारी थांबते,
तोंडाला तोंड लावतात.
मग वरची खाली, खालची वर.

वर्गात वाचलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" बाई म्हणाल्या, "त्यांना काही म्हणायचं नाही, म्हणून तर बरी झालीय." अगं, मला इतका आनंद झाला! जिना उतरताना कठड्याला न धरता उतरले.

इथपर्यंतच लिहून पत्र बंद करणार होते. पण आता लिहायला बसलेच आहे तर सांगते. काल बाईंनी वाचनालयातलं एक पातळ पुस्तक वर्गात आणलं. करड्या रंगाचं, पाठीला पिवळी पट्टी. मी ते दारातूनच ओळखलं. बाई म्हणाल्या, "या कवयित्रीचं हे एकच पुस्तक. पुढे काही लिहिलेलं दिसत नाही. बघायचं कसं ते हिच्याकडून शिका." मग त्यांनी तुझी शेवाळाची कविता वाचली, उंबरठ्यावरच्या पाण्याची वाचली. माझी बहीण आहे ती, असं ओरडून सांगावंसं वाटलं. जीभ उचलली नाही.

मग त्या म्हणाल्या, "एकच कविता फसलीय. पान एकतीस. सांगा बरं का फसली ते." आणि वाचली :

उजाडताना कोळी
आपलंच जाळं विणतो,
घासाघासाने कालचा दिवस
उद्याचा धागा होतो.

दातांचे डॉक्टर ताबडतोब म्हणाले, "घास कुठून आला? विणण्यात दातांचं काय काम?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "इतकं बारीक बघणारी बाई, पण इथे तिचं लक्ष उडालं."

तुझं लक्ष उडालं म्हणे! मी मान खाली घालून टेबलाच्या कडेचा पत्रा नखाने खरवडत बसले. घरी आले ती जेवलेच नाही. आज एवढंच.

ताई


१२ जुलै

ठमे,

हे पत्र बसून वाच. मेहुणेबुवांना बाहेर पाठव, नाहीतर शेजारी बसव, तुला बरं वाटेल तसं कर.

माझ्या कोपऱ्यात, पाइप आणि कठडा यांच्यामध्ये, एक कोळी राहतो. मी त्याच्याबद्दल मुद्दामच काही लिहिलं नव्हतं. पूर्वी दर रविवारी झाडूने त्याचं जाळं काढायचे, वर्ग सुरू झाल्यापासून झाडू आत ठेवलाय. त्या शनिवारनंतर मी रोज पाच वाजता उठून स्टुलावर बसायला लागले. का, ते तुला कळलं असेल.

आज सातवा दिवस. नुकतं फटफटत होतं. कोळी वरच्या कोपऱ्यात पाय आखडून बसला होता. मग उतरला. जाळ्याला रात्रीत दोन भोकं पडली होती, पतंगांचे पंख चिकटले होते. मला वाटलं, आता डागडुजी करेल. त्याने एक धागा तोडला. मग दुसरा. पुढच्या पायांनी धागे ओढून त्यांची पांढरी गोळी करायला लागला, आणि ती गोळी तोंडात गेली. ठमे, तो खात होता. कडेपासून मध्यापर्यंत, अगदी सावकाश, आपण शेवया खातो तसा धागा आत ओढत होता. पंख तेवढे थुंकल्यासारखे खाली पडले. चहा गार होईपर्यंत अख्खं जाळं गेलं. वरचा एक आडवा धागा त्याने ठेवला आणि त्यावरून चालत पाइपमागे गेला.

संध्याकाळी परत जाऊन बसले. नवं जाळं तयार होतं.

आणि मग रडले. एकटीच, मोठ्याने. शेजारीण दार वाजवून गेली.

आता ऐक. तुझ्या हस्तलिखितात दुसऱ्या ओळीत 'खातो' होतं. 'विणतो' मी केलं. प्रूफ तपासताना वाटलं, अरे, कोळी कुठे आपलं जाळं खातो? घाईत लिहिलं असेल बिचारीने. लाल शाईने खोडलं आणि समासात 'विणतो' लिहून पुढच्या पानावर गेले. 'घासाघासाने' दिसलं नाही असं नाही. म्हटलं, कवी लोक काहीही लिहितात.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. लेखकाच्या मजकुराबद्दल शंका आली तर हात लावायचा नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि लेखकाला विचारायचं. चौतीस वर्षांत मी तो नियम एकदाच मोडला. परका लेखक असता तर प्रश्नचिन्ह केलं असतं. तू घरची. धाकटी. तुझी वेणी घालून दिलेली मी. तुला काय विचारायचं, असं वाटलं. खरं कारण तेवढंच आहे, आणि ते लिहिताना मला लाज वाटते.

प्रकाशनाच्या दिवशी तू व्यासपीठावर ती कविता वाचायला घेतलीस आणि दुसऱ्या ओळीवर अडखळलीस. तुझा चेहरा मी तिसऱ्या रांगेतून पाहिला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात आलीस आणि विचारलंस, कुणी बदललं? मी म्हटलं, कंपोझिटरकाकांच्या हातून झालं असेल. सगळ्यांच्या देखत तू त्यांना बोललीस, "कविता कळत नसेल तर निदान खिळे तरी नीट जुळवा." साठीचा माणूस. हातातली टाइपाची पट्टी खाली ठेवून म्हणाले, "चुकलं, ताई." मी चार पावलांवर उभी होते. हातात दुसऱ्याच पुस्तकाची प्रूफं होती आणि मी ती उलटी धरली होती.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात तू विचारलंस, "बरं, निदान एवढं सांग, कोळी जाळं खातो की नाही? बाबांनी सांगितलं होतं मला." तिथेही मी खरं बोलू शकले असते. तुझ्या नजरेला नजर द्यायची नव्हती म्हणून उलट अंगावर आले. "बाबांची थाप गं ती," म्हटलं. "आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघणारी तू, तुला निसर्ग काय कळतो?" पहाटेच्या गाडीने तू गेलीस. त्यानंतर मी दोन पत्रं टाकली, दोन्हींत हवापाण्याच्या गप्पा. उत्तर आलं नाही आणि मला आतून हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

मी या वर्गात पंख्यासाठी गेले नव्हते. तू जे बघतेस ते मला दिसतं का, हे बघायला गेले होते. दिसलं. बाबा पहाटेच्या उजेडात परांचीवर उभे राहून भिंती घासायचे, त्यांना दिसणारच. ते खरं सांगत होते आणि तू खरं लिहिलं होतंस.

बाईंनी या आठवड्यात कोळ्यावर कविता लिहायला सांगितली आहे. मी नाही लिहिणार. ती लिहून झालेली आहे आणि मी बिघडवलेली आहे.

ताई


२० जुलै

ठमे,

उत्तराची घाई नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावर नाही.

काकांकडे जाऊन आले. आता ते सत्तरीच्या पुढे आहेत, तरी रोज दोन तास छापखान्यात जातात. जुनं हाताने चालणारं मशीन मालकांनी मोडीत काढलेलं नाही, त्यावर पत्रिका छापतात. मी समोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, खिळ्यांचा खण आत सरकवला आणि म्हणाले, "लाल शाई कुणाची होती ते मला काय माहीत नव्हतं? प्रूफ माझ्याच हातात आलं होतं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो. आज बोलाल, उद्या बोलाल. मग एक दिवस म्हटलं, जाऊ दे, बाईंना जमत नाहीसं दिसतंय."

मी म्हटलं, काका, मला मारा तरी. ते म्हणाले, मारायला हात उचलतोय कुठे, खांदा धरलाय. मग आम्ही दोघं हसलो. अकरा वर्षं मी त्या माणसाच्या नजरेला नजर दिली नव्हती, आणि तो हसत होता. पाठीवरचं पोतं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं मला.

त्यांच्याकडून शुद्धिपत्र छापून घेतलं. पुस्तकात चिकटवायची एवढीशी चिठ्ठी. मजकूर मी सांगितला, त्यांनी जुळवला. अर्ध्यात थांबले, "बाई, शुद्धिपत्रात चूक कुणाची ते लिहीत नसतात."

"या वेळी लिहा."

"बघा हं. कायमचं राहील."

"तेवढ्यासाठीच."

एक चिठ्ठी सोबत पाठवते आहे :

'पान ३१, ओळ २. "विणतो" ऐवजी "खातो" असे वाचावे. चूक प्रूफ तपासणाऱ्या बहिणीची आहे. कंपोझिटरचा दोष नाही.'

अडीचशे छापल्यात. एक घेऊन तडक वाचनालयात गेले आणि बाईंच्या हातात दिली. त्यांनी वाचली, पुस्तक काढलं, कविता नव्याने वाचली. खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे हिचं लक्ष उडालं नव्हतं," म्हणाल्या. मग पर्समधून माझं लाल पेन काढून परत दिलं. मी घेतलं नाही. त्यांनी ते वाचनालयाच्या कारकुनाला देऊन टाकलं. त्याने लगेच त्या पेनाने कान खाजवला.

ताई


२ ऑगस्ट

माझी ठमी,

तुझं पत्र आलं! पोस्टमन म्हणाला, "घ्या एकदाचं." जिन्यातच बसून वाचलं. वरच्या मजल्यावरचा माणूस मला ओलांडून गेला.

पहिलं अख्खं पान तू मला शिव्या दिल्यास. एकूण एक बरोबर आहेत, एकही खोडावीशी वाटली नाही. पण दुसरं पान मी तीनदा वाचलं. मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावून लिहिणं सोडलंस. तू लिहितेस, 'राग आला तो चार महिन्यांत ओसरला. लिहिणं सुटलं ते वेगळ्याने. मी कोळ्याला जाळं खाताना कधी पाहिलं नव्हतं, ताई. बाबांनी सांगितलं तेवढंच माझ्याजवळ होतं. छापलेलं वाचलं तेव्हा वाटलं, कुणा जाणत्याने माझी थाप पकडली. तू तेच म्हणालीस. मग मला माझ्या सगळ्याच कवितांची शंका यायला लागली. शेवाळाची खरी की तीही थाप? बघायला बसले की वाटायचं, मला दिसतंय ते खरं कशावरून? एक दिवस वही माळ्यावर टाकली.'

आणि पुढचं वाक्य. 'त्यानंतर बाबांची एकही गोष्ट मी लेकीला सांगितली नाही. आजोबा थापाडे होते एवढंच तिला माहीत आहे.'

अगं, मी एक शब्द बदलला आणि तुझ्या घरातून बाबाच गेले. मला वाटायचं, माझं पाप मला पूर्ण माहीत आहे. निम्मंसुद्धा माहीत नव्हतं.

पण तुझं शेवटचं वाचून जीव भांड्यात पडला. 'तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. लेक पण ऐकत होती. वाचत शेवयांपाशी आले तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. ती म्हणाली, म्हणजे आजोबा खरं बोलायचे? मी म्हटलं, हो. मग तिला निळ्या छताची गोष्ट सांगितली. तीही खरी असेल का गं, ताई?'

मला माहीत नाही, ठमे. पण आता मी नाही म्हणणार नाही.

माझ्या शंकेचं उत्तर शेवटी कोपऱ्यात लिहिलंस, 'बघणं संपलं की कविता संपते, तू संपवायला जाऊ नकोस.' वहीत उतरवून घेतलंय.

चौदाला येतेस, काकांची माफी मागायला. 'तुझ्याकडे उतरेन की नाही ते तिथे आल्यावर ठरवेन.' ठरव बाई. मी आतल्या खोलीतला पलंग उन्हात टाकलाय, तो तुझ्यासाठीच असं नाही, ढेकूण झाले होते.

तुझी,
ताई


१७ ऑगस्ट, सकाळी साडेसहा

ठमे,

तू आत झोपली आहेस आणि मी बाहेर बसून तुला पत्र लिहिते आहे. वेडेपणा आहे, पण काही गोष्टी माझ्या तोंडातून निघत नाहीत आणि पेन्सिलीतून निघतात, एवढं या दोन महिन्यांत कळलंय.

काकांकडचं मी बोलणारच नाही. तू त्यांच्या पाया पडलीस आणि ते म्हणाले, "अहो, राहू द्या, खाली शाई सांडलीय," आणि तुझ्या साडीला लागलीच शाई. येताना बसमध्ये तू तो डाग बघून हसत होतीस. मग स्टॉप आल्यावर माझ्याबरोबर उतरलीस. पिशवी तुझ्या हातातून घ्यायची हिंमत होत नव्हती मला. घेतली.

परवा रात्रभर नाही, पण जेवणं झाल्यावर चांगले दोन तास आपण जमिनीवर बसून चिठ्ठ्या चिकटवल्या. तू तुझ्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींचं गाठोडं आणलं होतंस. मी खळ लावायची, तू दाबायचीस. प्रत्येक चिठ्ठी तू पुन्हा वाचत होतीस आणि दर वेळी 'बहिणीची' या शब्दापाशी थोडी थांबत होतीस. मी बघत होते.

पण आज जे झालं त्यासाठी लिहिते आहे.

तीन पहाटा तुला पाचला उठवून स्टुलावर बसवलं. पहिल्या दिवशी कोळी बाहेरच आला नाही. दुसऱ्या दिवशी वरच्यांनी गॅलरी धुतली, पाइपावरून पाणी आलं, जाळं वाहून गेलं. आज पाइपामागे बॅटरी मारून पाहिलं, कोळी नाहीच. गेला कुठेतरी बिऱ्हाड घेऊन. मी रडकुंडीला आले. कठड्यावर वाकून, पाइपामागे हात घालून शोधत होते आणि तुला सांगत होते, अगं, इथेच होता, आईशप्पथ, इथून सुरुवात केली, असा धागा ओढला. मला वाटलं, गेलं सगळं. आता तुला काय दाखवू? पुन्हा माझ्या शब्दावर येऊन अडलं, आणि माझ्या शब्दाची काय पत आहे तुझ्याजवळ!

तू शालीत हात घेऊन बसली होतीस. म्हणालीस, "ताई, ये इकडे. बस. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग झालं."

आणि जांभई देऊन आत जाऊन झोपलीस.

तुला दिसलं नाही तरी तू मानलंस, ठमे. माझ्यासारखीला मानलंस. बाबांचंही असंच मानायचीस. मला ते कधी जमलं नाही. हातात लाल पेन होतं म्हणून नव्हे, माझा कुणावर विश्वासच नव्हता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तू विचारलंस, तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं की तू लिहिलंस ना, मग झालं.

आता मघापासून सगळी पत्रं मनात आठवून बघतेय. कारणं लिहिली, नियम लिहिला, शाईचा रंग लिहिला, चूक छापूनसुद्धा घेतली. एक गोष्ट कुठेच लिहिली नाही. सहा पत्रांत एकदाही नाही. चौतीस वर्षं गाळलेले शब्द शोधून काढणाऱ्या बाईने स्वतःचा हा गाळला.

मला माफ कर, ठमे. तुझ्या कवितेसाठी, काकांसाठी, बाबांसाठी, आणि त्या अकरा वर्षांसाठी. मी चुकले.

हे उशाशी ठेवते आणि गॅलरीत जाऊन बसते. घाई नाही. सावकाश ऊठ.

तुझी,
ताई


(खाली, पेन्सिलने, दुसऱ्या अक्षरात)

वाचलं. माफ केलं. आता आत ये, चहा निवतोय.